दुसरी स्प्रिंग कशाला?

आधी नफ्याची बाजू मांडते. खेमचंद शेटजींना स्वयंपाकघराचं जाळीचं दार आपोआप लागणारं हवं होतं; ते मिळणार होतं. त्यांच्या पिकअपवरच्या ड्रायव्हर लालसिंगला उजव्या गुडघ्याला आराम हवा होता. तोही मिळणार होता. शेटाणी राजमतीबाईंना दिवसभर "दार लोटा, दार लोटा" म्हणून ओरडावं लागायचं. त्यांचा घसा वाचणार होता. तिघांचा फायदा, आणि खर्चाच्या बाजूला पूज्य.

मित्रांनो, ते पूज्य म्हणजे मी.

मी चार बोटं लांबीची एक पोलादी स्प्रिंग आहे. अंगावरचा पिवळा मुलामा उडाला आहे, एका टोकाचा आकडा जरा फाकला आहे. पण कणा शाबूत आहे. माझं आयुष्य सांगावं असं मला कधी वाटलं नव्हतं. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांनी आपणहून बोलू नये, असे आम्हा स्प्रिंगांचे संस्कार. पण आता राहवत नाही.

मी जन्मले एका कारखान्यात. आधी मी नुसती तार होते. मला एका दांड्याभोवती गरगर गुंडाळलं, भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं आणि मग ओढून ओढून पाहिलं. ओढलं की लांब व्हायचं आणि सोडलं की परत जागेवर यायचं, एवढंच माझं शिक्षण. ऐकायला सोपं वाटतं. सोडल्यावर मुकाट्यानं परत जागेवर येणारी माणसं तुम्ही किती पाहिली आहेत, ते आठवून बघा.

माझ्या आधी क्षणभर माझी थोरली बहीण त्याच तारेतून निघाली. आम्हा दोघींना एकाच पिकअपच्या इंजिनावर, एकाच लिव्हरला शेजारी शेजारी अडकवलं. आमचं काम समजून घ्या, कारण ते ज्यांना समजायला हवं होतं त्यांना आजवर समजलेलं नाही. चालक पायाखालचं अॅक्सिलरेटरचं पेडल दाबतो. आमच्याकडे त्याला सगळे 'रेस' म्हणतात. पेडल तार ओढतं, तार लिव्हर ओढते, लिव्हर डिझेल वाढवते आणि गाडी पळते. हे सगळं दाबण्याचं झालं. पण पाय उचलल्यावर ती लिव्हर परत कोण आणतं? आम्ही.

गाड्या बनवणाऱ्यांच्या जगात यासाठी नियम आहे. पाय उचलला की इंजिनानं शांत व्हावं. नियम इथेच थांबला असता तर एक स्प्रिंग पुरली असती. पण नियम करणाऱ्याला माणसांची चांगलीच ओळख असावी. तो पुढे म्हणतो: तार तुटली तरी शांत व्हावं, आकडा निसटला तरी शांत व्हावं, एक स्प्रिंग मोडली तरी शांत व्हावं. म्हणून मागे ओढणाऱ्या कमीत कमी दोघी हव्यात, आणि दोघींपैकी कुणाही एकटीला ते काम निभावता आलं पाहिजे. काही देशांत तर किती वेळात शांत व्हावं हेही ठरलेलं आहे. फक्त हाडं गोठवणाऱ्या थंडीत थोडी सवलत मिळते. आमच्या वाशीम जिल्ह्यात वैशाखात बॉनेटवर पापड भाजून निघतो. आमच्याकडे सवलतीचं निमित्तही नाही.

थोडक्यात, थोरली रोज काम करायची आणि मीही रोज करायचे. पण मी नसते तरी थोरलीनं निभावलं असतं, आणि ती नसती तर मी. यालाच सुरक्षितता म्हणतात. खेमचंद शेटजी याला 'डबल खर्च' म्हणतात.

पहिली काही वर्षं बरी गेली. कारंज्याच्या धान्यबाजारातून आम्ही तूर, हरभरा, सोयाबीन वाहिलं. कधी कामरगावला पोती उतरवली, कधी जिल्ह्यातल्याच मालेगावपर्यंत गुरांची ढेप पोचवली. लालसिंग गाडीला जीव लावणारा माणूस. रोज काच पुसायचा, अगरबत्ती लावायचा, शनिवारी जुनं लिंबू-मिरची काढून नवं बांधायचा. एका शनिवारी बाजारात लिंबू मिळालं नाही, तर पठ्ठ्या गाडी हलवेना. हॉर्नचं कौतुक व्हायचं, टायरचं व्हायचं, मागच्या फळीवरच्या मोराच्या चित्राचं तर फारच व्हायचं. आमच्याकडे कुणी बॉनेट उघडूनही पाहिलं नाही. मी मनाची समजूत घातली होती की, आपली आठवण न येणं हेच आपलं प्रमाणपत्र.

मग चातुर्मास लागला.

खेमचंद शेटजींचं घर दुकानाच्या मागेच आहे. पुढे धान्याची पोती, मागे अंगण, अंगणात पिकअप उभी आणि समोर स्वयंपाकघराचं जाळीचं दार. चातुर्मासात राजमतीबाई पाणी दुहेरी फडक्यानं गाळतात, पीठ चाळतात, भेंडी उजेडाला धरून चिरतात. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. घरात येऊन एखादी माशी, एखादं पाखरू आचेवर पडू नये, एवढी त्यांना काळजी. आणि दार तर कायम सताड उघडं. ज्याचे हात भरलेले तो दार ढकलून आत जाणार आणि मागे वळून पाहणार नाही.

शेटजींनी उपाय केले. विकत आणण्याचा सोडून सगळे केले. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. ती उन्हानं सैल पडली. मग बाटलीत रेती भरून ती दोरीनं कप्पीवर टांगली. दार उघडलं की बाटली वर, सोडलं की खाली. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी बाटली शेटजींच्या टाळूवर उतरली.

"तुमाले म्हनलं होतं, हार्डवेअरवाल्याच्या इथून एक चांगली पट्टी आना," राजमतीबाई बर्फ धरत म्हणाल्या.

"आनतो ना. घाई काय हाये?" शेटजी टाळू चोळत अंगणात आले. तिथे लालसिंग बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. शेटजींची नजर आमच्यावर पडली. व्यापाऱ्याची नजर, मित्रांनो! एक काम करायला दोघं दिसले की तिला ठसका लागतो.

"लालसिंग, ह्या दोन काहून हायेत रे? काम तं एकच दिसते."

"कंपनीनं देल्ल्या, शेटजी. मले इचारून थोड्याच देल्ल्या."

"एक काढली तं गाडी चालन का नाई?"

लालसिंगनं मला बोटानं ओढून पाहिलं. "चालन ना. उलट पेडल हलकं होईन. आता लय जड हाये. मालेगावहून येता येता माहा गुडघा असा ठणकते, का पाय काढून टपावर ठेवावा वाटते."

"मंग काढ ना बावा! तुह्या गुडघ्याले आराम, माह्या दाराले स्प्रिंग. कंपनीचा माल हाये, बजारात असा भेटत नाई."

बस्स. एवढ्यावर माझी बदली झाली. एक सांगू? याच शेटजींच्या गोदामाला दोन कुलपं आहेत. एक वर, एक खाली, दोन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत. आजवर त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही, की दुसरं कुलूप कशाला?

मी थोरलीला म्हणाले, "सांभाळ." ती म्हणाली, "मी सांभाळीन गं. मला कोण सांभाळेल?"

दारावर मला दोन्हीकडून तारेचा तुकडा जोडून ठोकलं. आणि मित्रांनो, कपाळावर हात मारावा अशी गोष्ट घडली: आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं! शेजारपाजारच्या बायका मला पाहायला आल्या. "किती छान लागते वं दार!" शेटजी पाहुण्यांना दार उघडून सोडून दाखवायचे, आणि मी धाडकन आदळले की वाद्य वाजवल्यासारखे खूश व्हायचे. जिथे मी माणसं वाचवत होते तिथे माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि इथे मी माशा अडवत होते तर माझी वरात निघायची बाकी होती. माशा अडवणं कमी दर्जाचं काम आहे असं मी म्हणत नाही. राजमतीबाईंची दया खरी होती. त्यांनी पिठातली अळीसुद्धा पानावर घेऊन अंगणातल्या तुळशीशी सोडलेली मी पाहिली आहे. पण त्या दयेचं मोल कोणाच्या नावावर टाकलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

फक्त एका व्यक्तीला मी आवडत नव्हते. तिचं नाव अंजना. गावाबाहेर तिचं आणि तिचा नवरा रंगराव याचं भाजीचं वावर आहे. रंगराव पिकवतो, अंजना विकते. रोज सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन ती आधी राजमतीबाईंकडे यायची, दोडके-गवार मोजून द्यायची आणि मग बाजाराच्या उताराखाली वळणावर दुकान मांडून बसायची. टोपलं दोन्ही हातांनी धरलेलं, त्यामुळे दार तिच्यामागे मोकळं सुटायचं आणि मी नेमाने तिच्या टाचेवर आपटायचे.

"आई गं! काकू, तुमचं हे दार हाये का कुत्रं? रोज टाच धरते माही."

"लवकर पाय उचलत जा ना मंग," राजमतीबाई हसायच्या. "माशी बरोबर बाहेर राह्यते, तुलेच जमत नाई."

"माशीले दोन पंख हायेत. मले दोन पाय, अन् डोक्शावर तुमचे दोडके. पाह्यजा, एक दिवस हे दार मले लंगडी करन."

रोज हेच बोलणं, रोज हाच हशा. मला मात्र दर वेळी वाटायचं, मी हिला का मारते आहे? माझी जागा ही नव्हे.

दिवाळी आली, सोयाबीनचा हंगाम भरात आला. गाडीच्या दिवसाला चार-चार फेऱ्या. थोरली आता एकटी होती. दोघींचा ताण एकीच्या अंगावर, वरून बाजारातली धूळ आणि तारेत साचलेला चिकटा. मला दारावरून बॉनेट दिसायचं, आतली थोरली दिसायची नाही. पण गाडी अंगणात आली की इंजिन शांत व्हायला जो वेळ लागायचा, तो माझ्या कानाला कळायचा. तो वाढत होता.

एके दुपारी लालसिंग दाराशी पाणी प्यायला बसला. "शेटजी, आजकाल रेस उशिरा उतरून राह्यली. पाय काढला तरी गाडी जराशी वढतेच."

आतून राजमतीबाई म्हणाल्या, "मंग दाखवून आना ना कोनाले."

"दाखवू ना," शेटजी म्हणाले. "हंगाम संपू दे. गाडी एक दिवस उभी राह्यली तं पोती काय मी डोक्शावर नेऊ?"

"तसं काई नाई, काकू," लालसिंगनंच सावरून घेतलं. "पेडल लय मस्त हलकं हाये आता. गुडघा तं बोलतच नाई."

मी दारावर टांगलेली. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे शहाण्यांनो, हलकं पेडल म्हणजे सुख नव्हे, हलकं पेडल म्हणजे कुणीतरी जागेवर नाही! पण स्प्रिंगला आवाज एकच. कुणीतरी आत आलं आणि मी धाडकन आदळले. शेटजी कौतुकानं म्हणाले, "पाह्य, कशी लागते."

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी अंजना आली. गवार दिली, टाच चोळली, दाराला ठरलेली शिवी दिली आणि गेली. थोड्याच वेळात लालसिंग भरलेली गाडी घेऊन बाजाराच्या चढाला लागला. चढ, वर माल. त्यानं पेडल तळापर्यंत दाबलं. इंजिनाचा तो आवाज घरापर्यंत आला. मग चढ संपून उतार लागला. आता पाय उचलला असणार, आता आवाज उतरणार.

आवाज उतरला नाही.

तो चढतच गेला. घरात राजमतीबाई कणीक मळत होत्या, शेटजी दुकानात भाव सांगत होते, कुणाच्या कानाची पाळी हलली नाही. त्या साऱ्या पेठेत तो आवाज ओळखणारी मी एकटी होते, आणि मला एका दाराला ठोकलेलं होतं. थोरली मोडली होती. तिच्या शेजारी माझी जागा होती, रिकामा आकडा होता. तिथे मी असते, तर लालसिंगला एवढंच वाटलं असतं की आज पेडल जरा हलकं लागतंय.

नंतर काय झालं ते बोलण्यातून कळलं. लालसिंगनं ब्रेकवर दोन्ही पायांनी उभं राहून जोर लावला. ब्रेक गाडीला मागे ओढतोय, इंजिन पुढे रेटतंय, मागे सोयाबीनची पोती. किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं त्याला सुचलं, पण उतार संपता संपता. समोर माणसांची गर्दी पाहून त्यानं स्टिअरिंग वळणावरच्या भिंतीकडे फिरवलं. तिथे एकच बाई बसली होती. अंजनानं उडी मारली. बाकी सगळी वाचली, उजवा पाय गाडीखाली सापडला.

संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात निकाल लागला होता: "ब्रेक फेल!" मला संताप आला. ब्रेक बिचारा जीव तोडून लढला, आणि बदनामी त्याचीच. आपल्याकडे गाडी थांबली नाही की ब्रेक फेल. गाडीला पळवतंय कोण, हे कुणी विचारत नाही.

अंजनाला अकोल्याला नेलं. पायात सळ्या घातल्या. शेटजींनी दवाखान्याचं बिल भरलं, आणि बिल भरल्याचं जो भेटेल त्याला सांगितलंही. इकडे गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि लालसिंगच्या हातावर थोरलीचे दोन तुकडे ठेवले. ते घेऊन तो अंगणात आला, आणि माझ्यासमोर भांडण पेटलं.

"मी म्हनलं होतं का गाडी अशी चालव म्हून?" शेटजी म्हणाले.

"अन् स्प्रिंग कोनी मांगली होती? दार कोनाचं?"

"मी मांगली, पन देल्ली कोनं? ड्रायव्हर तू का मी? गुडघा तुहा दुखत होता!"

"गुडघा माहा, शेटजी, पन गाडी तुमची. पोलिसात नाव कोनाचं लागलं? माहंच ना? मी म्हनलं रेस उतरत नाई, तं तुमी म्हनले हंगाम संपू दे!"

"तूच म्हनला तसं काई नाई!"

दोघंही खरं बोलत होते. दोघांनी एकमेकांच्या नावावर सगळं टाकून आपापली पाटी कोरी केली होती.

दाराच्या आत राजमतीबाई उभ्या होत्या. हात पिठानं भरलेले. त्यांनी विचारलं, "काय म्हनले तुमी? कोनती स्प्रिंग?"

मग लालसिंगनं तळहात उघडून थोरलीचे तुकडे दाखवले आणि नजरेनं माझ्याकडे खूण केली. राजमतीबाईंनी आधी तुकड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे ही ती व्हय?"

"अवं, मले काय माह्यीत होतं का दुसरी लागते म्हून?" शेटजी म्हणाले. "काम तं एकच होतं."

"गोदामाले दोन कुलपं काहून लावता तुमी?"

"आता त्याचा इथं काय संबंध?"

"सांगा ना. काहून लावता?"

"एक तुटलं तं..." शेटजी बोलून गेले.

राजमतीबाईंनी हात पुसले नाहीत. तशाच पिठाच्या हातांनी त्यांनी माझी तार उकलली. नखं तुटली, आकडा फाकला, पण त्यांनी पक्कड मागितली नाही. "चार महिने मी खूश होती, का माह्या घरात पाखरू मेलं नाई," त्या म्हणाल्या. मला लालसिंगच्या हातावर ठेवलं. "लावा हिले जागेवर. अन् नवी बी लावा. दोन म्हंजे दोन."

आज मी पुन्हा लिव्हरवर आहे. शेजारी एक नवी कोरी स्प्रिंग आहे. ती अजून बोलत नाही, थोरलीची सर तिला नाही, पण ओढते नीट. पेडल पुन्हा जड झालं आहे. आणि ऐका, मित्रांनो, परवाच लालसिंग पुनीत ढेपवाल्याला सांगत होता, "गुडघा लय ठणकून राह्यला गड्या. हे पेडल काई हलकं करता येईन का?" आता बोला!

तुमच्या घरी गाडी असेल तर एवढं करा. घरातल्या मोठ्या माणसाला सांगा, उभ्या गाडीत रेस दाबून पाय उचला आणि ऐका. आवाज लगेच खाली आला पाहिजे. रेंगाळला तर गाडी तिथेच ठेवा. हंगाम असो, लग्न असो, लिंबू-मिरची ताजं असो. आणि जी वस्तू एरवी काहीच करताना दिसत नाही, ती काढण्याआधी कुणाला तरी विचारा की ही कधी लागते.

मागच्या आठवड्यात अंजना आली. टोपलं रंगरावच्या डोक्यावर, हिच्या हातात काठी, हे बोलण्यावरून कळलं. मी अंगणात बॉनेटखाली होते. दिसलं नाही, ऐकू आलं. काठीचा ठक, मग पाय, मग ठक. दाराशी थांबली.

"काकू, दार कायले धरून उभ्या हा?"

"आता मीच त्याची स्प्रिंग," राजमतीबाई म्हणाल्या. "ये तू सावकाश. सोडत नाई मी."

"पाह्यजा हं," अंजना म्हणाली. "आता मारून घ्याले एकच धड टाच हाये."

या वेळी कुणी हसलं नाही.

तर आता शेवटची बेरीज. शेटजींना चार महिने आपोआप लागणारं दार मिळालं. लालसिंगला चार महिने बिनठणक्याचा गुडघा मिळाला. पुढे कोर्टाच्या तारखा मिळाल्या, त्या त्याच्या वाट्याच्या. पाखरं वाचली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. गाडीचं नवं बंपर विम्यातून आलं. आणि बाकी सगळं भरलं अंजनानं, जिचा त्या पिकअपमध्ये आजवर एकदाही पाय पडला नव्हता.